कुत्र्याच्या पोटातलं विरजण

एखादं कुत्रं वाटीतली ताक-भाकरी मन लावून चाटताना दिसलं की मी आजही रस्त्यात थांबते. घरचे म्हणतात, म्हातारपणाचा चाळा. म्हणेनात का. एका कुत्र्याने वाटीला तोंड लावावं म्हणून ज्यांनी नऊ दिवस डोळ्यांत तेल घालून वाट पाहिलेली नाही, त्यांना यातलं सुख कळायचं नाही. कुत्रं शेवटचा थेंब चाटतं, रिकामी वाटी फरशीवर खरखर ढकलत नेतं, मला अगदी हायसं वाटतं आणि मी पुढे चालू लागते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापूरची. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे मुलांच्या काचेच्या नळ्या फुटू नयेत याकडे लक्ष द्यायचं आणि फुटल्या की ओरडायचं. हे दुसरं काम मला चांगलं जमायचं. उरलेल्या वेळात मी एम. एस्सी.चा प्रबंध करत होते. विषय माझा मीच निवडला होता: पाळीव कुत्र्यांचं खाणं आणि त्यांच्या आतड्यांतले सूक्ष्मजीव. कुत्रं काय खातं आणि त्यावरून त्याच्या पोटात कोण वस्तीला येतं, एवढाच साधा प्रश्न.

आमच्या सरांना तो साधा वाटला नाही. "अहो, सगळे दह्यावर काम करतात," ते म्हणाले. "तुम्हीही दह्यावर करा. हुंगायला तरी बरं असतं."

पण माझे वडील मंगळवेढ्याकडे जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. म्हशीचं पोट का फुगलं, शेळी का चरेना, हे ऐकत ऐकतच मी लहानपणी जेवले होते. पोट हा विषय आमच्या घरात कधी घाण मानला गेला नाही. मी सरांना म्हणाले, दही सगळ्यांना दिसतं, मला न दिसणारं बघायचंय. हे वाक्य मी आदल्या दिवशी पाठ करून गेले होते. सर हसले आणि त्यांनी सही केली.

मग मी सहा घरचे सहा कुत्रे ठरवले आणि रोज सकाळी मिलचा भोंगा झाला की उकळलेला चमचा आणि काचेच्या नळ्या घेऊन बाहेर पडू लागले. काय गोळा करायला, ते सांगायला नकोच. गल्लीतल्या बायका पदर नाकाला लावून बघायच्या. माझ्या आईने तर स्पष्टच बजावलं होतं, की पाहुणे बघायला आले आणि मुलगी काय करते असं विचारलं, तर "सायन्समध्ये आहे" एवढंच बोलायचं, पुढे एक अक्षर नाही.

मी राहत होते पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. खाली माग, वर माझी खोली. घरमालकीण तेलुगू बोलणारी, पन्नाशीची बाई. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा भिवंडीला पॉवरलूमवर कामाला गेला होता. अक्का दिवसभर मागावर चादरी विणायची, आणि मागाच्या खड्ड्याशेजारी, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर, एक पांढरा कुत्रा झोपलेला असायचा. मागाचा खटखटाट थांबला की त्याला जाग यायची. मला वर खोलीत त्या आवाजात झोप लागायला दोन महिने गेले होते, आणि या पठ्ठ्याला आवाज बंद झाला की झोप लागत नव्हती.

अक्का त्याला "कुक्का" अशी हाक मारायची. मला ते नाव फार आवडलं. माझ्या वहीत पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत लिहिलं, कुत्र्याचं नाव कुक्का. पुढे महिन्याभराने कळलं की तेलुगूत कुक्का म्हणजे नुसतं कुत्रा. त्याला नावच नव्हतं. मी वहीत लिहिलं होतं, कुत्र्याचं नाव कुत्रा.

मुलगा जाताना तो कुत्रा आईच्या ओटीत घालून गेला होता. "मी येईपर्यंत सांभाळ, मी आलो की घेऊन जातो," म्हणाला होता. त्याची दर पंधरवड्याला कार्डं यायची, मराठीत, कारण तो मराठी शाळेत शिकला होता. अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून वाचायला आणि उत्तर लिहायला मी. प्रत्येक कार्डात आधी कुत्र्याची खुशाली विचारलेली, मग आईची. मी एकदा चेष्टेने म्हणाले, "अक्का, तुमचा नंबर दुसरा." ती म्हणाली, "असू दे की. कुत्रा हाय तवर तो घरला यायची हाय. कुत्रा गेली की कशाला येतंय इतं?" मराठीत कोण पुल्लिंगी आणि कोण स्त्रीलिंगी याचा तिने कधी फार विचार केला नाही. पण ती काय म्हणाली ते मला नीट कळलं होतं.

माझ्या सहा कुत्र्यांत हाच सर्वांत गुणी. बाकीचे पाच कधी मटणाची हाडं, कधी लग्नाच्या पत्रावळी, कधी काय तर काय खाऊन यायचे आणि माझ्या प्लेटांवर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या काचेच्या बशांवर, रोज नवीन जत्रा भरायची. हा मात्र घड्याळासारखा. सकाळी अर्धी कडक भाकरी ताकात भिजवून, संध्याकाळी तेवढीच. मध्ये सुताला लावायच्या खळीचं भांडं चाटायचा, ते मला उशिरा कळलं, पण तेही रोजचंच. लोणच्याच्या बरणीत प्लेटा ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं, मेणबत्ती आतली हवा खाऊन विझली की बरणी गरम कपाटात. दोन दिवसांनी उघडलं की त्याच्या प्लेटांवर तेच ते, नीटनेटके, पांढरे ठिपके. दह्यात असतात त्यांचेच भाऊबंद. चार महिने एकसारखे. त्यातले चांगले ठिपके वेगळे काढून मी नळ्यांत वाढवले आणि चिठ्ठ्या लावून कॉलेजच्या फ्रिजमध्ये ठेवले. त्या दिवशी मला वाटलं, जमलं बाई आपल्याला. नापास व्हायची भीती गेली.

त्याच आनंदात मी घरी आले आणि जिन्यावरूनच ओरडले, "अक्का, तुमच्या कुत्र्याच्या पोटात कोट्यवधी जंतू आहेत! सहाही कुत्र्यांत सगळ्यात जास्त!"

अक्काने माग थांबवला. "कोट्यवधी?"

"हो!"

"आता काय करायचं?"

"काही नाही. तुम्ही काही करायचं नाही. आहे तसं चालू द्या," असं म्हणून मी दोन दोन पायऱ्या टाकत वर गेले. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं मला सुचलं नाही. पहिला नंबर आल्यावर मास्तरांनी घरी येऊन सांगावं, तसं मी सांगितलं होतं. आनंद होणारच, असं मी धरून चालले होते.

प्रबंधाचा दुसरा भाग म्हणजे खाणं बदलून बघणं. पुढच्या शनिवारपासून मी त्याची भाकरी-ताक बंद केली आणि दूध, पाव, उकडलेलं अंडं सुरू केलं.  वाटी मी भरून अक्काच्या हातात द्यायची आणि कॉलेजला जायची. तिसऱ्या दिवशी त्याचं पोट थोडं बिघडलं. ते अपेक्षितच होतं, मी वहीत तसं लिहिलं. पाचव्या दिवशी नुसतं पाणी. सहाव्या दिवशी त्याने अंड्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. माग सुरू झाला तरी तो जागाच होता.

 मी ताबडतोब दूध-अंडं बंद करून पुन्हा ताक-भाकरी ठेवली. त्याने तिलाही तोंड लावलं नाही. जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पूड दिली, पाणी पाजत राहा म्हणाले. दोन दिवसांत काही फरक पडला नाही. पाठीचा कणा वरून मोजता येईल इतका तो उतरला.

आणि कॉलेजात माझ्या प्लेटा कोऱ्या. जिथे ठिपक्यांची दाटी असायची तिथे काही नाही, कोपऱ्यात कुठलेतरी परके दोन-चार. मी आधी गरम कपाटाला दोष दिला, मग विजेला, मग स्वतःच्या हाताला. सगळं नव्याने केलं, तरी तेच. शेवटी एका मुलावर विनाकारण ओरडले, आणि घरी येऊन रडले. माझ्या प्रबंधासाठी मी एका गरीब बाईचा कुत्रा मारत होते. हेच मला खरं वाटत होतं आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हते.

त्यातच भिवंडीचं कार्ड आलं. मुलगा दिवाळीला येणार होता. कुत्रा कसा आहे, असं पहिल्याच ओळीत. मी वाचून दाखवलं. "उत्तर लिहू? बरा आहे असं लिहू?"

"खोटं न्हाय लिहायचं," अक्का म्हणाली. कोरं कार्ड देवाच्या फोटोमागे खोचून ती मागावर बसली. आडवं सूत नेणारा धोटा टाकला आणि तो तिच्या हातून निसटून खड्ड्यात पडला. असं होताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळच्या एसटीने मी मंगळवेढ्याला गेले. वडील तेव्हा निवृत्त झाले होते, ओसरीवर ज्वारी निवडत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते निवडत राहिले. मग विचारलं, "औषध काय घातलं त्याला?"

"ती पूड. पण आधीच बिघडलं होतं, आबा. माझ्या अंड्यानेच."

"अंड्यानं कुत्रं हगंल, मरंल कशाला? भाकरी दिल्यावर खायला पायजे की ते. कुणीतरी औषध घातलंय."

"कुणीच नाही घातलं."

"आगं, लोकं शेळीला माणसाच्या गोळ्या घालत्यात. ताप हाय म्हणून घालत्यात. ताप जातोय आन् शेळी रवंथच सोडती. का? तिच्या पोटात जे राबत असतंय, ते मरतंय. मग तिला हिरवा पाला घाल न्हायतर सोनं घाल, खायाची न्हाय."

"मग तुम्ही काय करायचात?"

"आमी काय करनार? दवाखान्यात त्याचं औषध नव्हतं. पण धनगराची म्हातारी मानसं करायची. शेजारची चांगली शेळी रवंथ करत बसलेली असती, तिच्या गालातनं घास काढून घ्यायची, आन् हिच्या तोंडात द्यायची. उसना घास. दोन दिसांनी शेळी उभी." त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "साहेब हसायचं त्यांना. मी न्हाय हसलो कदी."

मीही हसले नाही. पुस्तकात ज्यासाठी मी दोन पानं वाचली होती ते माझ्या वडिलांनी सूप हातात घेऊन सांगितलं होतं. आणि कोऱ्या प्लेटांचं कारणही त्यातच होतं. माझं गरम कपाट, वीज, हात, सगळं ठीक होतं. तिथे वाढायला कुणी जिवंत उरलंच नव्हतं. दुपारच्या एसटीत मी बसले ती कुणाचातरी गळा धरायच्या तयारीने.

तो गळा अक्काचा निघाला. घरी पोचल्या पोचल्या मी विचारलं, "अक्का, खरं सांगा. कुत्र्याला कुणी औषध दिलं?"

 ती उठली, कोनाड्यातून एक कागदाची पुडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत लाल-पिवळ्या कॅप्सूल, चार उरलेल्या.

"मागल्या सालात मला खोकला झाली होती. डॉक्टर दिली. म्हनली, हे जंतू मारायची औषध हाय. मी बरी झाली. ह्या उरली होती."

"अहो, पण कुत्र्याला कशाला दिल्या?"

अक्का आता चिडली. "कशाला? तूच बोललीस की! कोट्यवधी जंतू हाईत म्हनून! सगळ्यात जास्ती म्हनून! आधी मी वावडिंग दिली गुळातून. रोज बगितली, एक बी जंतू पडली न्हाय. मग म्हनलं, हे लई चिवट हाईत. मग ह्या दिली, अंड्यात घालून. तू काय करू नका म्हनलीस. तुज्या वहीत लिवून घेतलीस की, ह्या बाईच्या घरातल्या कुत्र्याच्या पोटात जंतू! माजं घर काय घाण हाय?"

मी जिन्यावर बसले. ध चा मा करायला निदान अख्खं अक्षर बदलावं लागलं होतं. इथे नुसत्या एका उकाराने काम केलं होतं. मी जंतू म्हणाले. तिने जंत ऐकले. रोज सकाळी मी जे नळीत भरत होते तेच ती माझ्यामागून काडीने उकरून बघत होती, लांब पांढरे जंत दिसतात का म्हणून. दिसले नाहीत, तेव्हा तिला डॉक्टरांचं जंतू मारायचं औषध आठवलं. एक एक पायरी बरोबर होती. चुकले होते ती मी, जिन्यावरून ओरडणारी उंटावरची शहाणी.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पहिल्यांदा सुटल्यासारखं झालं. माझ्या अंड्याने नाही, प्रयोगाने नाही. एका शब्दाने. शब्दाने बिघडलेलं शब्दाने दुरुस्त करता येईल, असं वाटलं. मला एकदम हसू फुटलं, आणि अक्का जास्तच भडकली.

"हसतीस?"

"अक्का, ते जंतू वाईट नव्हते हो. चांगले होते."

"जंतू कुटं चांगली असतंय?"

आता आली का पंचाईत! चार वर्षं मुलांना शिकवत होते, पण या प्रश्नाला घरगुती उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी इकडे तिकडे बघितलं. चुलीपाशी ताटलीने झाकलेलं दुधाचं पातेलं होतं. रोज संध्याकाळी अक्का त्यात दही लावायची.

"अक्का, दुधाचं दही कशाने होतं?"

"विरजणानं."

"आणि विरजण मेलं तर? उकळत्या दुधात टाकलं तर?"

"दूध तसंच राहतंय. नासतंय."

"मग काय करता?"

"शेजारनं मागून आणतंय चमचाभर."

"तसंच. कुत्र्याच्या पोटात विरजण होतं. भाकरी पचायची ती त्या विरजणाने. तुमच्या घरचं, तुमच्या ताक-भाकरीवर वाढलेलं, सहा घरांत सगळ्यात चांगलं विरजण. ते या गोळ्यांनी मेलं."

अक्काने पातेल्याकडे बघितलं, मग कुत्र्याकडे. मग हळूच म्हणाली, "तोडू?"

"काय?"

"आमच्यात विरजणाला तोडू म्हनतंय. कुक्काच्या पोटात तोडू होता?"

मला तो शब्द विचित्र वाटला. मराठी कानाला तोडू म्हणजे तोडायचंच काहीतरी. पण तिला कळलं होतं, पुरतं कळलं होतं. "म्हंजे मीच मारली," ती म्हणाली आणि पुडीतल्या कॅप्सूल तिने चुलीत टाकल्या.

"मी मारलं," मी म्हणाले. "बोलायचं कसं ते न कळून. पण अक्का, विरजण शेजारून मागून आणता येतं की. आणि आपल्याला शेजारी पण जायला नको. त्याचंच विरजण माझ्याकडे आहे. फ्रिजमध्ये."

सोमवारी मी कॉलेजात सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, यातून काहीही सिद्ध होणार नाही. मी म्हणाले, सर, मला सिद्ध नाही करायचं, मला त्याला जगवायचंय. हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं. सरांनी फ्रिजची किल्ली दिली. मी त्याच्या ठिपक्यांच्या नळ्या काढल्या, उकळून गार केलेल्या दुधात त्यांतलं सोडलं. दुसऱ्या दिवशी दूध छान घट्ट लागलं होतं. सरांनी वाकून हुंगलं. "दहीच की हे," ते म्हणाले. "शेवटी दह्यावरच आलात."

झाकण लावलेली ती बरणी मी रिक्षात मांडीवर धरून घरी आणली. अक्काने कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं, मी चमच्याने घातलं. त्याने निम्मं सांडलं. रोज तीन वेळा, थोडं थोडं. मधून मधून वडिलांनी सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणी आणि ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील. अक्का मागावर बसायची, दहा धोटे टाकायची, उठून बघून यायची. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पाणी आपणहून प्यायलं. तिसऱ्या दिवशी माझा चमचा दिसला की तोंड फिरवू लागला, आणि मी वैतागून म्हणाले, "आता नखरे सुचायला लागले याला." अक्का म्हणाली, "नखरे करतंय म्हंजे बरं हाय." आजारी माणसाचंही असंच असतं म्हणा.

त्याने अंड्याकडे पाठ फिरवली तेव्हापासून मोजला तर नववा दिवस. सकाळचा भोंगा झाला. मी नेहमीसारखा चमचा आणि नळ्या घेऊन खाली उतरले. अक्काने सवयीने वाटीत भाकरी कुस्करली होती, ताक ओतलं होतं आणि मागावर बसून पहिला धोटा टाकला होता. खटखट सुरू झाली. कुत्रा उठला. पाय लटपटत होते. वाटीपाशी गेला, वास घेत थांबला. मी जिन्यातच उभी. अक्काचा हात धोट्यावर तसाच.

मग त्याने ताक चाटलं. आधी कडेकडेने, मग मधलं. भाकरीचा एक तुकडा जबड्यात धरून चघळला. वाटी पुढे सरकू लागली. त्याने भिंतीपर्यंत ढकलत नेऊन ती पुसून काढली, आणि परत येऊन मागाजवळ, अक्काच्या पायांपासून हातभर अंतरावर, धपकन पडला. अक्काने माग सुरू केला. अर्ध्या मिनिटात तो झोपला होता.

जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं, पितळेच्या वाटीत. मी तिथेच पायरीवर बसून हसले आणि रडले. अक्का माझ्याकडे न बघता विणत होती, पण तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

आठवड्याने माझ्या प्लेटांवर जुने ठिपके परत दिसले. सरांनी ते पाहिले आणि तरीही म्हणाले, एका कुत्र्यावरून काही सांगता येत नाही. कॅप्सूल थांबल्या म्हणून बरा झाला, का आंबिलीने, का तुमच्या दह्याने, का आपोआप, कोण सांगणार? बरोबरच होतं त्यांचं. मी कुठेच दावा केला नाही. माझ्या प्रबंधात तो सहावा कुत्रा नाही. त्याच्याबद्दल एकच ओळ आहे, की एक प्राणी औषधोपचारामुळे अभ्यासातून वगळला. पाच कुत्र्यांवर मला पदवी मिळाली. तो वगळला गेला याचं मला एवढंसंही वाईट वाटलं नाही. तो मागाशेजारी होता.

एवढं मात्र झालं की पुढे अख्खी नोकरी मी वर्गात पहिल्या तासाला जंतू हा शब्द फळ्यावर लिहायची आणि त्याखाली विरजण. मुलं हसायची. हसू द्यायची मी.

त्या भोंग्याच्या दिवशी संध्याकाळी अक्काने देवाच्या फोटोमागचं कोरं कार्ड काढलं. "आता लिही," म्हणाली. "कुक्का बरा हाय. खातंय."

मी लिहिलं. "पुढे?"

"लिही, आजारी होता. आईची चूक झाली. त्याच्या पोटातला तोडू गेला होता, तो परत आला."

"त्याला तिकडे कळेल का तोडू? विरजण लिहू?"

अक्का हसली. "विरजण लिवलीस तर दही म्हनंल तो. तोडू लिही. आमच्यात तोडू म्हंजे विरजण बी हाय आन् सोबत बी हाय. एकच शब्द. दुधाला तोडू लागतंय, मानसाला तोडू लागतंय. तोडू न्हाय तर दूध बी नासतंय, मानूस बी."

मी पेन थांबवलं. खाली तिच्या पायाशी तो पांढरा तोडू पसरून घोरत होता. नऊ दिवस ती आपल्या सोबतीच्या उशाशी बसली होती, ते मला तेव्हा कळलं.

"परत आला, लिवलीस?"

"लिहिलं."

"मग आता लिही, दिवाळीला ये. आन् माजी खुशाली शेवटी टाक. बरी हाय म्हनून."

कार्डावर जागा थोडीच उरली होती. मी बारीक अक्षरात लिहिलं, आई बरी आहे, आणि ते टाकायला स्वतःच पेटीपर्यंत गेले.